पहिली ठकठक आनेग्रेटची

आमच्याकडे तास संपला की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत. मूठ अर्धी मिटायची आणि बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करायची, अशी रीत आहे. परदेशातून आलेली पोरं पहिल्या दिवशी हमखास दचकतात. जॉर्जियातल्या कुटाइसीहून आलेली तामुना तर तास सुटल्यावर धावतच माझ्या खोलीत शिरली. "फ्राउ शाउब, प्राध्यापकांवर सगळे चिडलेत का हो? बाकं बडवताहेत!"

"चिडलेला जर्मन बाक बडवत नाही," मी म्हणाले. "लेखी तक्रार करतो. दार लावून घे."

फ्रांकफुर्टच्या या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय वित्त विषयाच्या एमबीएचं कार्यालय मी सांभाळते. वेळापत्रक, परीक्षांच्या तारखा, व्हिसाची पत्रं, खोल्यांच्या किल्ल्या, सगळं माझ्या हातून जातं. आमच्याकडे आडनावाआधी बाईला फ्राउ आणि पुरुषाला हेर लावतात, म्हणून मी सगळ्यांची फ्राउ शाउब. राग माझ्या नाकावर असतो असं पोरं म्हणतात. असतोच. पण ज्याच्याबद्दल सांगायचंय तो काही परदेशातून आलेला नव्हता. रेल्वेनं इथून तासाभरावर, किंत्सिग नदीकाठच्या एका गावात त्याचं घर होतं.

फोल्कमार वाइट्झेल. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगात कायम इस्त्रीचा निळा शर्ट, आणि केस इतके नेटके कापलेले की आमचे तरुण प्राध्यापकही विचारायचे, तुमचा न्हावी कोण हो? "बायको," असं म्हणताना त्याचे कान लाल व्हायचे. गावातल्या बँकेच्या खिडकीमागे त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. म्हाताऱ्यांना पेन्शन द्यायची, पोरांची पहिली खाती उघडायची, कुणाच्या गायीला काय झालं तेही ऐकून घ्यायचं. मग बँकेनं ती शाखाच बंद केली. वरचे साहेब म्हणाले, फ्रांकफुर्टला परदेशी व्यापाराच्या विभागात तुमच्यासाठी एक जागा राखून ठेवतो, पण पुढचं वर्ष संपायच्या आत ही पदवी हातात पाहिजे. आणि पदवी इंग्रजीतून. तोवर तात्पुरतं तालुक्याच्या शाखेत बसा.

पहिल्या दिवशी तो माझ्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला. "मी बहुतेक चुकून आलोय. वर्गात सगळी पोरांच्या वयाची आहेत."

"बरं झालं. त्यांना जरा शिस्त लावा. मी एकटी किती पुरणार?"

तो हसला नाही, पण टोपी खुंटीला लावली. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी वर्ग असायचा. हा बाबा पहिल्या रांगेत बसायचा, शिकवलेलं सगळं जर्मनमध्ये लिहून घ्यायचा, घरी जाऊन त्याचं पुन्हा इंग्रजी करायचा. तामुनाशी त्याचं जमलं. ती त्याला इंग्रजी सांगायची, तो तिला घरमालकाशी कसं भांडायचं ते.

आठवड्यातून एका संध्याकाळी तास संगणकावरून व्हायचा. आवाज आणि हजेरी बघायला मीही त्यात असायची. फोल्कमारच्या घरात इंटरनेट फक्त स्वयंपाकघरात नीट चालायचं, त्यामुळे त्याच्यामागे नेहमी एक शेगडी दिसायची आणि अधूनमधून एक बाई आडवी जायची. एका संध्याकाळी प्राध्यापक लिंडहोर्स्ट वायद्याचे सौदे शिकवत होते. म्हणजे मालाचे डॉलर तीन महिन्यांनी येणार असले तरी त्यांचा भाव आजच बँकेशी ठरवून टाकायचा, पुढे बाजार पडो की चढो. तास संपला, सगळ्यांनी ठकठक केली, आणि फोल्कमारच्या बाजूनं दारावर पोलीस आल्यासारखा दणका ऐकू आला.

लिंडहोर्स्टांनी चष्मा सारखा केला. "हेर वाइट्झेल, तुमच्याकडे कोण आलंय?"

मागून ती बाई पुढे झाली. हातात बटाटा आणि सुरी. "मी कुठून येणार? हे माझंच स्वयंपाकघर आहे. आलायत तुम्ही!"

वर्ग खदखदून हसला. फोल्कमारनं डोकं धरलं. "आनेग्रेट, अगं..."

"थांब रे. इतके दिवस यांच्याकडे फुकट शिकतेय, आज पहिल्यांदा काहीतरी कळलं, म्हणून वाजवलं."

"काय कळलं?" लिंडहोर्स्टांनी विचारलं.

"आलुबुखार अजून झाडावर आहेत आणि तुमचा केक विकूनसुद्धा झाला."

लिंडहोर्स्ट हसले. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर काढली, त्यांचे दात तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर हिवाळ्यात एका शनिवारी ती नवऱ्याबरोबर फ्रांकफुर्टला आली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान होतं, त्यासाठी नव्या कात्र्या घ्यायच्या होत्या. माझ्या खोलीत आली, नमस्कारसुद्धा केला नाही, माझ्या डोक्याकडे बघत राहिली.

"हे कुणी केलं?"

"स्टेशनजवळच्या दुकानात."

"पोलिसांत जा तुम्ही."

दुसरं कुणी असतं तर मी दार दाखवलं असतं. पण तिनं नवी कात्री काढली, माझ्या गळ्याभोवती माझाच रुमाल बांधला आणि तिथंच, छपाईयंत्राशेजारी, माझे केस कापले. कापता कापता तिनं मला बोलतं केलं. माझ्या नवऱ्यानं मला कसं सोडलं तेही मी सांगून बसले, जे मी माझ्या बहिणीलाही धड सांगितलेलं नाही. शेवटी मानेवरचे केस फुंकत तिनं विचारलं, "यांची शेवटची तोंडी परीक्षा असते ना, ती घरच्यांना बघता येते?"

"येते. मागच्या खुर्च्या त्यासाठीच असतात."

"मग पहिली ठकठक माझी. सगळ्यांना सांगून ठेवा. माझ्या आधी कुणी बोट जरी उचललं तर त्याचे केस मी कापीन. डोळे मिटून."

ही गोष्ट वर्गभर झाली. पोरं फोल्कमारला चिडवायची, की तू नापास झालास तर हरकत नाही, आम्ही तुझ्या बायकोला बघायला येणार. आणि तो खरंच वर्षभर त्यासाठीच अभ्यास करत होता. एकदा मला म्हणाला, "फ्राउ शाउब, तिला वाटतं मी हुशार आहे. लग्नापासून वाटतं. एकदा तरी तिला ते डोळ्यांनी बघू दे."

वसंतात तिला कर्करोग निघाला. स्वादुपिंडाचा. फोल्कमार माझ्यासमोर बसला आणि म्हणाला की नाव काढून घ्यायचं आहे. मी अर्ज दिला नाही. आधी बायकोला विचारा म्हटलं. दुसऱ्या शुक्रवारी तो वर्गात हजर. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, घरी बसून काय करणार? माझ्याकडे टक लावून बघणार? त्यानं गाठ लाजून पळून जाणार आहे का?"

त्यानं ते तिच्याच सुरात सांगितलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

उन्हाळ्यात ती झपाट्यानं खंगली. दुकान बंद केलं. नवऱ्याचे केस मात्र कापत राहिली, आधी उभ्यानं, मग खुर्चीत बसून आणि त्याला खाली जमिनीवर बसवून. सगळं हातचं सुटत चाललं होतं. एकच तिनं धरून ठेवलं होतं, की नोव्हेंबरात परीक्षेच्या दिवशी त्या मागच्या खुर्चीत बसायचं आणि बाकावर ठकठक करायची. सप्टेंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी फोल्कमारला बाजूला घेऊन सांगितलं की नोव्हेंबराचा भरवसा धरू नका.

मी तारखा बदलत नाही. पोरांनी पायावर डोकं ठेवलं तरी नाही. त्या दिवशी मात्र मीच उठून लिंडहोर्स्टांकडे गेले आणि म्हणाले, वाइट्झेलची परीक्षा महिनाअखेर घ्या. ते विचारात पडले. फोल्कमारचा प्रबंध त्याच्या गावाकडच्या खोऱ्यातल्या लाकूड गिरण्यांवर होता. फळ्या अमेरिकेला जातात, डॉलर नंतर येतात, तर त्या छोट्या गिरण्यांनी वायद्याचा सौदा कसा करावा, असा. त्याचं शेवटचं प्रकरण अजून कच्चं होतं. लिंडहोर्स्ट म्हणाले, "घेईन मी. पण जे लिहिलेलंच नाही त्याला गुण कुठून देऊ? नापास झाला तर पुढची संधी उन्हाळ्यात. बँक थांबेल तोवर?"

मी ते जसंच्या तसं फोल्कमारला सांगितलं. त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "नापास होईन. ती तिथे असली म्हणजे झालं." आणि पळतच गाडीला गेला, तिला सांगायला.

त्याच संध्याकाळी, मी निघण्याच्या बेतात असताना, माझा फोन वाजला. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच.

"फ्राउ शाउब, तुम्ही कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देता?"

"भलतंच काय! कोण देतं?"

"का नाही देत?"

हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझी आई तर आदल्या दिवशी केकवर मेणबत्तीसुद्धा लावू द्यायची नाही. "अपशकुन असतो म्हणून," मी म्हणाले.

"मग नवऱ्याची परीक्षा आधी ओढायची हे कसलं? मी जाणार असं धरूनच चाललायत सगळे. नोव्हेंबरची गोष्ट नोव्हेंबरात."

"आनेग्रेट, हट्ट करू नका. तुम्हालाच यायचं होतं ना? पहिली ठकठक कोण करणार मग?"

पलीकडे ती नुसती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "मीच करणार. तुम्ही तुमची तारीख सांभाळा. आजवर बदललीत का कुणासाठी? मग माझ्यासाठी कशाला? मी काही मेले नाही अजून." आणि फोन आदळला.

मला तिचा इतका संताप आला की मी खोलीला कुलूप लावायचं विसरले. आणि तरीही तिचं म्हणणं मला कळत होतं, हेच वाईट. इथं जन्मलेल्या माणसाला ते कळतंच. आनंद आधी साजरा केला की तो हातचा जातो, ही भीती आमच्या रक्तात आहे. फोल्कमारलाही कळलं. त्यानं मान खाली घातली आणि नोव्हेंबरची तारीख कायम केली.

तामुनाला मात्र कळलं नाही. ती माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून ओरडली, "आग लागो तुमच्या रिवाजाला! आमच्याकडे आजारी माणूस ईस्टरच्या सणापर्यंत टिकणार नसेल, तर उद्याच ईस्टर! तुम्ही काय, मरणालाही तारीख देणार?"

मी तिला बाहेर जा म्हणाले. ती गेल्यावर बराच वेळ मला काही काम सुचलं नाही.

ऑक्टोबर संपता संपता आनेग्रेट गेली. शेवटी इस्पितळात फोल्कमार तिच्या उशाशी बसून तिला प्रबंधाचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवायचा. तिला डोळा लागला की थांबायचा, जाग आली की पुढचं वाक्य वाचायचा. एके सकाळी तो कॉफी आणायला म्हणून उठला, आणि तो परत येईपर्यंत ती गेलेली होती. कॉफीचा पेला हातात घेऊन तसाच उभा राहिलो, असं त्यानं मला दफनानंतर सांगितलं. पेला गरम होता, ठेवायचा कुठं ते कळेना, असं दोनदा म्हणाला.

लिंडहोर्स्ट त्याला म्हणाले, परीक्षा पुढे ढकलू, मी बँकेलाही समजावतो. फोल्कमारनं मान हलवली. "नको. नोव्हेंबरची गोष्ट नोव्हेंबरात. तिचं वाक्य आहे."

त्या दिवशी मी खोली लवकर उघडली. मागच्या रांगेत, दाराजवळच्या टेबलापाशी एक खुर्ची राखून ठेवली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. पोरं आली आणि तेवढी खुर्ची सोडून बसली. मग एक अनोळखी, जाडजूड बाई आली, दोन्ही हातांत कापडानं झाकलेलं मोठं ताट घेऊन. मी पुढे झाले. "ती खुर्ची..."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मी हिल्ट्रूड, त्यांच्या शेजारची." आणि ताट मांडीवर घेऊन त्या खुर्चीच्या बाजूला बसली.

फोल्कमार आला. शर्ट इस्त्रीचा होता. केस कानांवर आले होते, मानेवर वळले होते. त्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. मला त्या केसांकडे बघवेना.

तो बोलला मात्र नीट. सावकाश, एकेक शब्द पारखून, त्याच्या त्या जड इंग्रजीत. शेवटचं प्रकरण तर असं पक्कं झालं होतं की लिंडहोर्स्ट आडवेतिडवे प्रश्न घालत गेले आणि तो एकातही अडकला नाही. बोलताना तो एकदाही मागच्या रांगेकडे बघत नव्हता. आम्हाला बाहेर पाठवलं, पुन्हा आत बोलावलं. लिंडहोर्स्ट उभे राहिले आणि म्हणाले, "हेर वाइट्झेल, तुम्ही उत्तीर्ण झालात. उत्तम गुणांनी. अभिनंदन."

एरवी इथं बाकं दणाणतात. त्या दिवशी कुणाचं बोट हललं नाही. पहिली ठकठक कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. तामुनानं हात मांडीखाली दाबून धरले होते आणि तिचं नाक गळत होतं. फोल्कमार आमच्याकडे बघत उभा, आम्ही त्याच्याकडे. काही वेळ गेल्यावर तो खोकला आणि कागद गोळा करायला लागला. आमच्याकडे ज्याचा आनंद, केक त्यानंच सगळ्यांसाठी आणायचा असतो. त्याला ते तेवढ्यात आठवलं असावं.

"माफ करा," तो म्हणाला. "केक आणायचा राहिला."

"राहिला नाही," हिल्ट्रूड म्हणाली. तिनं उठून ताट त्या रिकाम्या खुर्चीपुढच्या टेबलावर ठेवलं आणि कापड काढलं.

आलुबुखाराचा केक होता, वर लोणी-साखरेच्या चुऱ्याचा थर आणि बदामाचे काप. फक्त एका कोपऱ्यात बदाम नव्हते. फोल्कमार जवळ आला, त्याची नजर त्या कोपऱ्यावर गेली आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. त्याला बदाम चालत नाहीत. त्याचा कोपरा आनेग्रेट नेहमी मोकळा ठेवायची.

"हा कधी केला तिनं?"

"परीक्षा आधी घेतात असं तू सांगत आलास ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी," हिल्ट्रूड म्हणाली. "तू बँकेत होतास. मला हाक मारून म्हणाली, झाडावरची आलुबुखार उतरव, नोव्हेंबरात कुठून आणणार? पीठ मी मळलं. फळं तिनं लावली, खुर्चीवर बसून. मधे मधे आडवी व्हायची, पुन्हा उठायची. मी म्हटलं, अगं बाई, परीक्षेच्या आधी केक? काल तर फोनवर त्या ऑफिसातल्या बाईला अपशकुनावरून झाडलंस!"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मग?" फोल्कमारनं विचारलं.

"मग म्हणाली, दुसरं काही सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? त्याचं शेवटचं प्रकरण कच्चं आहे, हिल्ट्रूड. माझ्यासाठी म्हणून तो तसाच उभा राहील आणि पडेल. मग मी गेल्यावर काय करेल तो, ना बायको ना नोकरी? आधी केक केल्याचा अपशकुन लागायचाच तर मला लागू दे, माझं आणखी काय वाईट व्हायचंय." हिल्ट्रूडनं एप्रनच नसलेल्या पोटावर हात पुसले. "तेव्हापासून माझ्या तळघरात फ्रीजरमध्ये होता. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

"म्हणजे आपण येणार नाही हे तिला तेव्हाच माहीत होतं?"

"सगळं माहीत होतं रे तिला."

ज्या बाईवर मी दोन महिने मनातून चिडून होते, हट्टी, अडाणी म्हणत होते, तिनं जन्मात एकच गोष्ट मागितली होती आणि तीही स्वतःच्या हातानं सोडून दिली होती. वर फोन आदळून, म्हणजे कुणाला संशय यायला नको.

फोल्कमारनं सुरी घेतली आणि बदाम नसलेला कोपरा कापला. तो बशीत ठेवला आणि बशी त्या खुर्चीसमोर सरकवली. मग खुर्चीकडे तोंड करून उभा राहिला, मूठ अर्धी मिटली आणि तिच्या टेबलावर ठकठक केली. एकदा, दोनदा, आणि मग त्याला थांबताच येईना. आम्ही सगळे आपापल्या बाकांवर वाजवत राहिलो, त्याचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.